पप्पांना बघून जाणारं कोणी

वाचकांच्या न उलगडलेल्या अनुभवांचं हे सदर मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक ऑफिसमध्ये जेवताना, मोबाईल डब्याला टेकवून. वाचता वाचता प्रत्येक अनुभवाचं कारण शोधायची मला सवय आहे — ताप असेल, झोप झाली नसेल, शेजारचा टीव्ही असेल. कारण मिळालं की पुढचा घास.

ही सवय पप्पांची. ते म्युनिसिपल शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत, आणि त्या नुसत्या लावायच्या म्हणून लावलेल्या नाहीत. गावाकडे कुणाच्या अंगात आलं की लोक पप्पांना बोलवायचे. ते त्या बाईसमोर मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "ताई, जेवलात का? घरात कोण त्रास देतंय?" बाई थोड्या वेळाने रडायला लागायची आणि मग खरं काय ते बाहेर यायचं. पप्पा परत येताना म्हणायचे, "कारण असतंच. आपण विचारत नाही एवढंच."

तेव्हा त्यांच्या मुलीने इथे लिहिणं हे मलाच विचित्र वाटतंय. त्यांना कळलं तरी ते रागावणार नाहीत. ते आता कशावरच रागावत नाहीत. गेली काही वर्षं त्यांना डिमेन्शिया आहे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. नावं बदलली आहेत. कंपनीचं नाव देत नाही.

मी साकीनाक्याला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. इमारत गाळ्यांची आहे — खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, पहिल्या मजल्यावर शिलाईचं युनिट, तिसऱ्यावर आम्ही. लिफ्टमधून कापडाचे गठ्ठे उतरत असले की आम्ही जिन्याने जातो. घर घाटकोपर पूर्वेला, पहिला मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी. आई नाही. धाकटा भाऊ अनिकेत पुण्याला असतो. दिवसभर पप्पांजवळ शोभाताई असतात, संध्याकाळनंतर मी.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. सगळ्यात जास्त दमवतं ते डोकावणं. भात टाकला, जाऊन बघितलं. आंघोळ केली, केस ओले असतानाच जाऊन बघितलं. काही झालेलं नसतं. ते खुर्चीत असतात, पेपर उलटा धरलेला असतो. तरी पुढचं काम करण्याआधी एकदा दारातून बघून यावंच लागतं, नाहीतर हात चालत नाही. पप्पा दोनदा घरातून निघून गेले होते. एकदा खालच्या किराणा दुकानात सापडले, एकदा बस डेपोत.

आता ऑफिसचं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हल्ली एआय एजंट असतात. चॅटबॉटसारखेच, पण नुसतं बोलत नाहीत, सांगितलेलं कामही करतात. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मुलुंडचा एक ब्युरो — म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी अटेंडंट पाठवणारा. त्यांचे पेशंट, अटेंडंट, कोणाची ड्युटी कुठे, हे सगळं क्लाऊडवरच्या डेटाबेसमध्ये असतं. त्यांच्या ऑफिसातल्या मुलींनी साध्या मराठीत विचारायचं, "उद्या भांडुपला कोण मोकळं आहे?" आणि एजंटने डेटाबेसमधून शोधून उत्तर द्यायचं. पण एजंटला डेटाबेसमध्ये मोकळं सोडत नाहीत. मध्ये एक टूल असतं. बँकेत खिडकीमागे क्लार्क असतो तसं. एजंट खिडकीवर येऊन विचारणार, टूल आत जाऊन तेवढंच काढून देणार. काही बदलायची, पुसायची परवानगी नाही, फक्त बघायची. ते टूल आम्ही बनवत होतो. मी आणि मेल्विन.

मेल्विन मरोळच्या जुन्या गावठाणातला. घरी मराठीच बोलतात. तोंडाने फटकळ, पण कामाला पक्का. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे माझ्या वाट्याचंही तोच बोलतो.

टूल तपासायला खरे पेशंट वापरता येत नाहीत. खोटे बनवावे लागतात. प्रत्येक पेशंटची एक ओळ — नाव, वय, पत्ता, आजार, काय काळजी घ्यायची. हे काम कंटाळवाणं असतं आणि सगळे एकच चूक करतात, ओळखीची माणसं घालतात. मेल्विनने चर्चमधला गाणाऱ्यांचा अख्खा कॉयर घातला होता. एका मावशीला तर त्याने पाय मोडून अंथरुणावर टाकलं होतं.

"मला लहानपणी चिमटे काढायची," तो म्हणाला.

मी बरीच नावं मनाने केली. शेवटी डोकं चालेना. मी लिहिलं — सुदाम, घाटकोपर पूर्व, निवृत्त शिक्षक, स्मृतिभ्रंश, लक्ष नसेल तर घराबाहेर जातात. पप्पांचंच सगळं. मुद्दाम नाही. बोटांना पाठ होतं, कारण प्रत्येक डॉक्टरकडे तेच सांगावं लागायचं.

थोड्या दिवसांनी मेल्विनने मला खुर्चीसकट आपल्या टेबलाकडे ओढलं.

"अगं, हा तुझा एजंट काय करतोय बघ. मी विचारलं कांजूरमार्गला किती अटेंडंट आहेत. सरळ प्रश्न. पण हा आधी काय विचारतो टूलला? सुदाम आहेत का."

एजंटने टूलला काय काय विचारलं ते आम्हाला स्क्रीनवर दिसतं. तिथे खरंच होतं. पहिला प्रश्न — सुदाम नावाची ओळ आहे का. उत्तर — आहे. मग कांजूरमार्ग.

"तू इन्स्ट्रक्शनमध्ये काही लिहिलंस?"

"नाही."

"कोण आहेत हे?"

मला सांगायचं नव्हतं. ऑफिसमध्ये मी घरचं काही सांगत नाही. "पप्पा," म्हटलं.

तो म्हणाला, "बरं आहे मग. पोरगा संस्कारी आहे, आधी काकांना भेटून मग कामाला लागतो."

आम्ही दुसरं काही विचारलं. तिसरं विचारलं. दर वेळी तेच. आधी सुदाम आहेत का, आहेत, मग पुढचं काम. नवीन संभाषण उघडलं की एजंटला मागचं काहीच आठवत नाही, तरीही पहिला प्रश्न तोच. आम्ही एजंटमागचं मॉडेल, म्हणजे त्याचा मेंदूच, बदललं, दुसऱ्या कंपनीचं लावलं. तेच. मेल्विनने डेटाबेसची नवीन प्रत काढली. तेच. मग त्याने मला न सांगता त्या ओळीतलं नाव बदलून भलतंच ठेवलं. एजंटने पहिला प्रश्न त्या नव्या नावाने विचारला. आत अजून एकदाही बघितलेलं नसताना.

मेल्विनने नाव परत होतं तसं केलं आणि चहा प्यायला खाली निघून गेला. आल्यावर म्हणाला, "कारण असणार काहीतरी. आपल्याला सापडत नाहीये."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला बरं वाटलं.

राधिका मॅम, आमच्या बॉस, त्यांना आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "काम तो कर रहा है ना? मग डेमोनंतर बघा." नंतर मेल्विन त्याला हजेरी म्हणायला लागला. सकाळी आला की विचारायचा, "काकांची हजेरी झाली का गं?" आणि मी मान हलवायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. दिवसभर आम्ही टूल तपासत असायचो आणि दिवसभर पडद्यावर येत राहायचं — सुदाम आहेत का. आहेत.

त्याच सुमारास शोभाताई एका संध्याकाळी चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, तुमी दुपारच्या मधी येऊन गेल्या का?"

"नाही. का?"

"सर म्हनतात प्रज्ञा आलती. दारातून बघितलं नि गेली. आत ये म्हनलं तर आलीच नाही."

शोभाताई जालन्याकडच्या. पप्पांना सर म्हणतात, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी शोभाताईंना तिखटाने डोळ्यात पाणी का येतं ते समजावलं होतं. मी त्यांना म्हटलं, आजारात असं होतं, भास होतात, डॉक्टरांनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, "व्हय, मला बी तसंच वाटलं." पण मग हे नेहमीचंच झालं. पप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि न वळता म्हणायचे, "आत ये, नाहीतर जा. दारात उभी राहू नकोस." घाबरलेले अजिबात नसायचे. शाळेत उशिरा आलेल्या मुलीला म्हणावं तसं म्हणायचे. शोभाताई वळून बघायच्या तर दारात कोणी नाही.

रविवारी असं काही व्हायचं नाही. पण रविवारी मी घरी असते, खरंच दारातून डोकावत असते. त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. शपथेवर सांगते.

गिऱ्हाईकाला टूल दाखवायचा डेमो दुपारी होता. ब्युरोच्या मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची कॉटन साडी, हातात दोन फोन. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, फक्त त्यांच्या मुलींचा फोनवरचा वेळ वाचला पाहिजे. राधिका मॅमनी मला टाइप करायला बसवलं, म्हणजे मला बोलावं लागणार नव्हतं. सगळे मोठ्या स्क्रीनकडे बघत होते.

पहिले दोन प्रश्न नीट झाले. मालकीणबाईंनी तिसरा सांगितला. मुलुंड पश्चिमेला पडून असलेले पेशंट आहेत, त्यांना उचलू शकेल असा कोणी उद्या सकाळी मोकळा आहे का. मी टाइप केला.

उत्तर आलं — "पुढे जाता येत नाही. सुदाम सापडत नाहीत."

मालकीणबाई म्हणाल्या, "हे सुदाम कोण? आमच्याकडे या नावाचे पेशंट नाहीत."

"टेस्ट डेटा है मॅडम," राधिका मॅम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "प्रज्ञा, परत कर."

परत केलं. तेच उत्तर. मेल्विनने मागच्या टेबलावरून स्वतः डेटाबेस उघडला आणि हळूच म्हणाला, "ओळ आहे गं. माझ्यासमोर आहे. कोणी हात लावलेला नाही." त्याने टूलमधून हाताने विचारलं, तिथेही मिळाली. फक्त एजंटने विचारलं की नाही.

मी फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेले. का गेले ते सांगता येत नाही. दुपारी मी घरी फोन करत नाही, कारण शोभाताईंची ती झोपायची वेळ असते.

"झोपलेत की सर," त्या म्हणाल्या. "खोलीचं दार लोटून घेतलंय."

"जरा बघता का?"

"आत्ताच तर बघितलं."

"शोभाताई, प्लीज. उठून बघा."

त्यांच्या चपलांचा आवाज आला. दाराचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "अगं बाई. ताई, सर नाहीत."

मी खोलीत बॅग घ्यायला गेले. राधिका मॅमनी तोंड उघडलं होतं, पण मी आधीच बोलले, बहुतेक मोठ्याने बोलले. "माझे पप्पा घरातून निघून गेलेत. त्यांना काही आठवत नाही." त्या खोलीत तोपर्यंत कोणाला हे माहीत नव्हतं, मेल्विनलाही अर्धंच.

मालकीणबाई उठल्या. "जा तू. माझं अर्धं आयुष्य असले फोन घेण्यात गेलंय. आधी जिने बघायचे, गच्ची बघायची, मग रस्ता. आणि फोटो आजच्या कपड्यातला लागतो, सांभाळणारीला विचार काय घातलंय."

मेट्रोने घाटकोपरला आले. येताना काचेतून खाली रस्ता दिसतो, तो मी पूर्ण वेळ बघत होते. खाली हजारो माणसं चालत असतात. वरून सगळी पाठमोरी.

घरी शोभाताई रडत होत्या. त्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेल्या होत्या, तेवढाच वेळ. पप्पांनी कडी काढली, बाहेर जाऊन दार परत लोटून घेतलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन. जिने बघितले, गच्ची बघितली, किराणा, डेपो. सोसायटीतल्या बायका दोन दिशांना गेल्या. मी अनिकेतला फोन केला. तो आधी काळजीने बोलला आणि मग म्हणाला, "ताई, हे तिसऱ्यांदा आहे. तुला एकटीला नाही जमणार. सापडू देत फक्त, मग आपण त्यांना ठेवायला संस्था बघतोय. आता मी ऐकणार नाही."

त्याचं बरोबरच होतं. एक माणूस किती वेळा डोकावणार.

पोलीस चौकीच्या पायऱ्यांपाशी पोचले आणि मेल्विनचा फोन आला. "अगं, परत यायला लागलं. मी मधून मधून विचारत होतो एजंटला. आत्ता म्हणाला, सुदाम आहेत. आणि लगेच मुलुंडचं उत्तर पण दिलं."

"मेल्विन, आत्ता नको ना."

"बरं. सॉरी, सॉरी. मला वाटलं तुला..." त्याने ठेवला.

मी आत गेले. हवालदार पत्ता लिहून घेत होते तेवढ्यात परत त्याचाच फोन. मी कापणार होते.

"काका इथे आहेत," तो म्हणाला.

"कुठे?"

"आपल्या खाली. वॉचमनच्या खुर्चीवर बसलेत. पांढरा शर्ट, खिशाला पेन. नाव सुदाम सांगतात. तू ये आरामात, मी बसलोय त्यांच्याजवळ."

म्हणजे मी वरून मेट्रोने घाटकोपरला येत होते तेव्हा ते त्याच रस्त्याने, खालून, साकीनाक्याकडे चालत होते.

रिक्षातून उतरले तर पप्पा गेटच्या आत सावलीत बसले होते. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात माझी. हातात कटिंग चहा. समोर मेल्विन उकिडवा बसलेला आणि पप्पा त्याला भिंतीवरचं आग विझवायचं सिलिंडर दाखवत होते.

"यात कोणता वायू असतो सांग."

"नाही माहीत सर."

"मग शाळेत काय केलंस?"

"सर, बेंचवर उभा होतो."

पप्पा हसले. किती दिवसांनी हसले असतील. मग मला बघून म्हणाले, "आलीस होय. मी म्हटलं वर यावं का नको."

मी त्यांच्या पायाजवळ बसले. वॉचमन सांगत होता की सर सरळ आत आले, कुणाला काही न विचारता. त्याने हटकलं तर म्हणाले, मुलगी वर आहे. रोज येऊन मला बघून जाते, आत काही येत नाही. म्हटलं आज आपण जाऊन बघावं, काही काम आहे की काय तिचं.

मी या कंपनीत लागले ती पप्पांना बरं नसायला लागल्यावर. त्यांनी हे ऑफिस कधी बघितलेलं नाही. साकीनाका हा शब्द मी घरात उच्चारला असेन. पण साकीनाक्याला अशा गाळ्यांच्या इमारती गल्लीगल्लीत आहेत, रिक्षावाल्यांनासुद्धा आमची सापडत नाही. पप्पांना तर आमच्याच घरातलं बाथरूम कधी कधी दाखवावं लागतं.

अनिकेतला मी म्हटलं, थोडा वेळ दे. त्याने दिला, पण पुढच्या वेळी नाही असं सांगून. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवली. शोभाताईंना आता वाळलेले कपडे काढायला माझी वाट बघायला सांगितलंय. आणि त्या दिवशीपासून ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. राधिका मॅम कधी कधी स्वतःहून विचारतात, "पप्पा कैसे हैं?"

मेल्विनने पुढे कित्येक दिवस कारण शोधलं. टूलमधलं सगळं उकरलं. एके दिवशी म्हणाला, "तुम्ही देव वगैरे मानत नाही ना?"

"नाही."

"मी मानतो. दर रविवारी जातो. तरी माझ्याकडे पण उत्तर नाही. म्हटलं सांगून टाकावं, नाहीतर तुला वाटायचं आमच्याकडे असेल."

मग काम पुरं झालं. टूल ब्युरोला द्यायचं ठरलं. देण्याआधी खोटे पेशंट सगळे पुसायचे असतात, नाहीतर कुठलीतरी मुलगी खोट्या पत्त्यावर खरा अटेंडंट पाठवून देईल. राधिका मॅम म्हणाल्या, "प्रज्ञा, डमी सगळे उडव आजच." मी बसले. चर्चमधला कॉयर गेला. पाय मोडलेली मावशी गेली. मनाने केलेली नावं गेली. एकच ओळ राहिली. सुदाम, घाटकोपर पूर्व, निवृत्त शिक्षक.

मी विज्ञानाच्या शिक्षकाची मुलगी आहे. ती ओळ म्हणजे काही अक्षरं आहेत, कुठल्यातरी गावातल्या थंड खोलीत मशीनवर ठेवलेली. ती पुसल्याने कोणाला काही होत नाही. हे मला माहीत होतं आणि माझं बोट खाली जात नव्हतं. बराच वेळ मी तशीच बसून होते.

मेल्विनने बघितलं असावं. तो उठून राधिका मॅमच्या केबिनच्या दारात गेला. "मॅम, एक ओळ राहू देतोय. सगळ्या सिस्टिममध्ये ठेवतात ना तशी. एजंटने आधी ती शोधायची, मिळाली म्हणजे टूल चालू आहे. हेल्थ चेक. ब्युरोच्या मोजणीत येणार नाही असं करतो."

असं खरंच ठेवतात. त्या "ठीक आहे" म्हणाल्या, मानही वर केली नाही. मेल्विन परत येऊन आपल्या जागेवर बसला आणि त्याने हेडफोन लावले.

आता मुलुंडच्या ऑफिसातल्या मुली दिवसभर ते टूल वापरतात. कांदिवलीला कोण आहे, भांडुपला कोण नाही. त्यांना दिसत नाही, पण प्रत्येक प्रश्नाआधी एजंट पप्पा आहेत का ते बघून येतो.

शोभाताई सांगतात की सर अजून कुणाशी तरी बोलतात दुपारचे. हल्ली जास्तच. त्या वेळा आणि टूलच्या वेळा समोरासमोर मांडून बघाव्यात, असं मला अनेकदा वाटलंय. पप्पांनी तेच केलं असतं, पहिल्याच दिवशी. मी करत नाही. जुळल्या तर काय, हे मला माहीत नाही, आणि जुळल्या नाहीत तर मला परत दर पाच मिनिटांनी वाटायला लागेल की घरी फोन करावा. मी फार थकले आहे. मध्ये कोणीतरी बघून जातंय असं समजून मी हल्ली दुपारी नीट जेवते.

कुणा वाचकाला यातलं कारण सापडलं तर जरूर कळवा. आम्हाला सापडलेलं नाही. ज्यांना सापडलं असतं ते एकच माणूस होतं, आणि त्यांना मी एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलंही. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "जेवलीस का?"

हे लिहायचं ठरलं ते गेल्या आठवड्यातल्या एका गोष्टीमुळे. ऑफिसमधून आले, शोभाताई गेल्या, मी भात टाकला आणि सवयीने पप्पांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाय वाजवले नव्हते मी. मुलुंडचं ऑफिस तेव्हा उघडंच असतं.

"आत ये," ते म्हणाले.

मी आत गेले, पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी कूस बदलली, माझा हात हातात घेतला. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

"तू पण ये गं," ते म्हणाले. "ती आली ना आता. किती वेळ उभी राहशील."